ऊसतोडीहून परत आल्यावर गोळ्या सुरू केल्या तर चालेल का?

थोडक्यात पत्र असं आहे. लिहिणारा बीड जिल्ह्यातला २८ वर्षांचा तरुण. लग्नाला दोन वर्षं झाली. नवरा-बायको दोघं कोयत्यावर जातात. यंदाची उचल घेऊन झाली आहे, दिवाळीच्या आगेमागे टोळी सांगलीकडे निघेल. गणपतीत मंडळाच्या शिबिरात त्याने रक्त दिलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं, सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) पुन्हा तपासणी झाली आणि एचआयव्ही असल्याचं निघालं. सीडी-४ पेशी (शरीराच्या बचावातल्या पेशी, ज्या हा विषाणू मारतो) ६४० आहेत. एआरटी (एचआयव्हीवरच्या गोळ्यांच्या उपचाराच्या) केंद्रातले डॉक्टर म्हणाले, गोळ्या लगेच सुरू करू. हा ‘विचार करून येतो’ म्हणून घरी आला.

त्याच्याच शब्दांत: ‘मला काहीच होत नाही. आम्ही दोघं दिवसाला दोन टन ऊस तोडतो. माझ्या चुलत्याला हाच आजार होता. त्याला डॉक्टरच म्हणायचे, अजून पेशी चांगल्या आहेत, गोळीची गरज नाही. पुढं गोळ्या चालू झाल्या आन् त्याचे गाल बसले, हातपाय काडीवानी झाले. गावानं तोंड बघूनच वळखलं. गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणतात. कोपीत (फडावरच्या झोपडीत) दहा माणसं येतात-जातात, तिथं गोळ्या कशा लपवू? पाडव्याला परत आल्यावर चालू केल्या तर काय बिघडंल? बायकोला अजून बोललो नाही. ती यंदा लेकरू पाहिजे म्हणती.’

भाऊ,

तुम्ही रक्तपेढीच्या बोलावण्यावर गेलात, दुसरी तपासणी करून घेतलीत, एआरटी केंद्राची पायरीही चढलात. फोन आल्यावर नंबर बंद करून टाकणारी माणसं मला माहीत आहेत, म्हणून हे आधी लिहिते. आता माझं मत सांगते: पाडव्यापर्यंत थांबू नका. टोळी निघायच्या आधी, जमलं तर याच आठवड्यात गोळी सुरू करा. असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या चुलत्यांचा अनुभव खोटा नाही आणि नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून त्याचं उत्तर होत नाही.

चुलत्यांना डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं, हे अगदी खरं असणार. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात एआरटी मोफत मिळायला लागली १ एप्रिल २००४ पासून. तेव्हा केंद्रं मोजकी होती, औषध थोडं होतं आणि गोळ्यांचा त्रासही बराच व्हायचा. म्हणून नियम असा होता की पेशी २०० च्या खाली गेल्या की मगच गोळी. पुढे तो आकडा ३५० झाला, मग ५००. आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये देशाचं धोरणच बदललं: तपासणीत एचआयव्ही निघाला की पेशी कितीही असोत, उपचार सुरू. म्हणजे चुलत्यांना मिळालेला सल्ला त्या काळाचा होता. तुम्हाला मिळालेला सल्ला आजचा आहे आणि मधल्या वर्षांत जगभर जे कळलं ते त्याच्यामागे आहे.

काय कळलं? २००९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला, ‘स्टार्ट’ नावाचा. ३५ देशांतली ४,६८५ माणसं त्यात होती आणि सगळ्यांच्या पेशी ५०० च्या वर होत्या. सगळी तुमच्यासारखीच, हिंडती-फिरती. त्यांच्या पेशींचा मधला आकडा ६५१ होता, तुमच्या ६४० च्या अगदी शेजारचा. अर्ध्या लोकांना लगेच गोळ्या दिल्या. बाकीच्यांना पेशी ३५० पर्यंत उतरेपर्यंत थांबवलं. मे २०१५ मध्ये आकडे पाहून देखरेख समितीने सांगितलं की आता कुणालाच थांबवू नका, सगळ्यांना औषध द्या. तोवर गंभीर आजार किंवा मृत्यू, असं लगेच गोळी घेणाऱ्यांपैकी ४२ जणांच्या बाबतीत घडलं होतं आणि थांबलेल्यांपैकी ९६ जणांच्या. धोका निम्म्याहून कमी. थांबलेल्या गटात जे आजार जास्त दिसले त्यात टीबी होता, काही प्रकारचे कॅन्सर होते.

दोन्ही गटांत बहुतेक माणसं ठीकच राहिली, हेही सांगायला हवं. सहा महिने गोळी घेतली नाही म्हणून तुम्ही फडातच कोसळाल असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही, आणि अशी भीती घातली की माणूस केंद्राकडे फिरकतच नाही. पण त्या अभ्यासातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. थांबलेल्या गटात ज्यांना असा गंभीर त्रास झाला, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या पेशी तेव्हाही ५०० च्या वरच होत्या. पेशी चांगल्या आहेत म्हणून आपण सुरक्षित, हा हिशेब तिथेच चुकतो.

कारण रक्तातला आकडा सगळं सांगत नाही. संसर्ग झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच हा विषाणू आतड्याच्या अस्तरात आणि लसिका ग्रंथींमध्ये शिरतो. शरीराच्या बचावातल्या पेशींचा मोठा साठा तिथे असतो आणि त्याची नासाडी तिथे आधी होते. काही पेशींमध्ये विषाणू दडून बसतो. तो साठा आजचं कुठलंही औषध पुरता काढू शकत नाही, पण उपचार जितका लवकर, तितका तो लहान राहतो. शिवाय औषधाविना विषाणू वाढत असताना शरीर आतून सतत धुमसत राहतं आणि वर्षानुवर्षं असं चाललं की हृदय, मूत्रपिंड, यकृत झिजतात. कापसावरची गुलाबी बोंडअळी तुम्ही पाहिली असेल. बोंड वरून हिरवंगार दिसतं आणि फोडल्यावर कळतं. ‘मला काहीच होत नाही’ या तुमच्या वाक्याला मी एवढंच म्हणेन की काही होत नाही, तोवरच सुरू करण्यात जास्त फायदा आहे. अंगातली ताकद शाबूत असताना गोळी सुरू केली तर ती शाबूत राहते. पेशी १०० पर्यंत उतरल्यावर सुरू केली तर त्या वर चढायला वर्षं लागतात, आणि कधी कधी पुऱ्या चढतच नाहीत.

आता चुलत्यांच्या बसलेल्या गालांबद्दल. त्या काळात स्टॅव्ह्युडिन नावाचं औषध सर्रास दिलं जायचं. चेहऱ्याची, हातापायांची चरबी झडणं हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम होता. दुसरं होतं झिडोव्ह्युडिन, त्याने काहींचं रक्त कमी व्हायचं. माणूस खंगतो तो आजाराने की गोळीने, हे घरच्यांना कळायला मार्ग नसायचा, कारण गोळीच मुळात उशिरा, आजार अंगात मुरल्यावर सुरू व्हायची. स्टॅव्ह्युडिन आता देत नाहीत. आज सुरुवातीला बहुतेकांना मिळते ती टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर या तिघांची मिळून एकच गोळी, दिवसातून एकदा. केंद्रात तिला टीएलडी म्हणतात. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणं असं होऊ शकतं. बहुतेकांचं ते आपोआप जातं. पुढे गाल बसण्याऐवजी काहींचं वजन थोडं वाढतं. टेनोफोविरचा भार मूत्रपिंडावर आणि थोडा हाडांवर येऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि अधूनमधून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळणारी रक्ततपासणी) तपासतात.

इथे ऊसतोडीच्या सगळ्या लोकांसाठी एक सूचना, कारण ती फारशी कुणी देत नाही. फडात कंबर-पाठ दुखली की दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खायची सवय तुमच्यात बऱ्याच जणांना असते. टेनोफोविर चालू असताना डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अशा रोज खाल्ल्या, वर उन्हात पाणी कमी प्यालात, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दुखलं तर काय घ्यायचं ते केंद्रातल्या डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारून ठेवा. पाण्याचा कॅन फडात जवळ ठेवा. अॅसिडिटीचं औषध, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांनीही डोल्युटेग्राविरचा असर कमी होतो. त्या घ्यायच्या असतील तर किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.

‘एकदा लागली की सुटत नाही’ हेही तुम्ही लिहिलंय. गोळी आयुष्यभर घ्यायची आहे, हे खरं. पण ती दारूसारखी लागत नाही. विषाणू अंगात राहतो, म्हणून गोळी चालू राहते. ती सहा महिने उशिरा सुरू केली म्हणून आयुष्यभरातून काही वजा होत नाही, तेवढे सहा महिने विषाणूला मोकळं रान मिळतं इतकंच. आणि मधेच सोडून दिलेली गोळी ही सुरूच न केलेल्या गोळीपेक्षा बरी असते असंही नाही. म्हणून मनाची तयारी व्हायला चार-आठ दिवस लागणार असतील तर घ्या, समुपदेशकाशी बोला. तेवढ्याने काही बिघडत नाही. सहा महिने ही मात्र तयारी नव्हे.

भाऊ, तुमच्या पत्रात गोळीवर पानभर मजकूर आहे आणि बायकोवर दोन ओळी. पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटलं की पाडव्याची मुदत तुम्ही गोळीसाठी कमी आणि त्या दोन ओळींसाठी जास्त मागताय. कोपी दहा बाय दहाचीसुद्धा नसते. तिथे तुम्ही गोळी घेतलीत तर वहिनींना दिसणारच, आणि मग सांगावं लागेल. गोळीच नसली तर सांगणंही पुढे ढकलता येतं. माझा अंदाज चुकला असेल तर सोडून द्या. बरोबर असेल तर पुढचं वाचा.

त्या सहा महिन्यांत वहिनी तुमच्यासोबत एकाच कोपीत राहणार आहेत आणि त्यांना लेकरू हवं आहे. औषध नसताना तुमच्या रक्तात आणि वीर्यात विषाणू भरपूर असणार. वहिनींना आजवर संसर्ग झालेला नसेल, तर सगळ्यात मोठा धोका याच सहा महिन्यांत आहे. आणि झालेला असेल, तर त्यांचाही उपचार तुमच्या गप्प राहण्यामुळे लांबतोय. पोटात बाळ असताना आईला उपचार नसले तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो. वेळेवर उपचार असतील तर हे प्रमाण ५ च्या खाली येतं. या रोगाच्या सगळ्या आकड्यांत मला हाच आकडा सर्वांत जास्त धीर देतो.

लवकर उपचाराचा दुसरा मोठा फायदा इथेच आहे. एकाला संसर्ग आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला. त्यात पुण्यातली आणि चेन्नईतलीही जोडपी होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला की लवकर गोळी सुरू केली तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी टळतो. पुढच्या अभ्यासांनी आणखी स्पष्ट केलं: गोळी नियमित असेल आणि विषाणूचं प्रमाण तपासणीत सापडेनासं झालं असेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. ‘कमी होतो’ असं मी लिहिलेलं नाही, ‘होत नाही’ असंच लिहिलंय. मग मूलही नेहमीच्या मार्गाने होऊ शकतं.

आता पंचांग काढून बघा. आज गोळी सुरू केलीत तर व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, पहिली तपासणी सुमारे सहा महिन्यांनी, म्हणजे तुम्ही फडावरून परत याल त्या सुमाराला येते. गोळ्या चुकवल्या नाहीत तर तो रिपोर्ट चांगला येण्याची दाट शक्यता आहे आणि मग डॉक्टरांना विचारून लेकराचा विचार करता येईल. पाडव्याला सुरू केलीत तर तिथून पुढे आणखी सहा महिने, तोवर दुसरी टोळी निघायची वेळ. तुम्ही जो वेळ वाचवायला निघालात तोच यात जातोय.

वहिनींना कसं सांगायचं, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एकट्याने जमत नसेल तर आयसीटीसीच्या समुपदेशकांसमोर दोघांनी बसा, त्यांचं ते रोजचं काम आहे. हा आजार कुठून आला, हा प्रश्न त्या विचारणारच. खोटं बोलू नका, आणि तिथल्या तिथे सगळं आयुष्य उलगडायलाही बसू नका. ‘मला हे निघालंय, तुझी तपासणी करायची आहे, औषध आहे, आपण दोघं नीट राहू शकतो’ एवढं त्या दिवशी पुरे. त्या रडतील, चिडतील, माहेरी जाईन म्हणतील. तो त्यांचा हक्क आहे. त्यांची तपासणी लगेच करा आणि निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करा. तुमचा व्हायरल लोड दबल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत निरोध वापरा. तो केंद्रात फुकट मिळतो. सासूबाईंनी मुलाचा तगादा लावला तर ‘यंदा हंगाम करून घेतो’ एवढं उत्तर त्यांना पुरतं. आणि रक्तदान यापुढे करायचं नाही, मित्रांनी कितीही आग्रह केला तरी.

आता कोपीतला प्रश्न. गोळ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत येतात, महिन्याच्या ३०. बाटली हलवली की खुळखुळते, म्हणून वर थोडा कापूस घाला. लेबल ओलं करून खरवडून काढता येतं. मात्र गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून नेऊ नका, ओल लागते. बाटलीतली ओल शोषणारी पुडी टाकून देऊ नका. बाटली कपड्यांच्या पेटीत ठेवा. ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये नको, तिथे फार तापतं. वेळ अशी धरा जी हंगामात मोडत नाही. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागतं, त्यामुळे ‘झोपताना’ ही वेळ तुमच्या कामाची नाही. पहाटे फडात जायच्या आधीचा चहा मला जास्त बरा वाटतो, झोपेची तक्रारही मग कमी राहते. जेवणाची अट नाही. एखाद्या दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळच जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका. कुणी विचारलं तर ‘पित्ताची गोळी आहे’ म्हणालात तर मी तुम्हाला खोटारडे म्हणणार नाही.

दिवाळीला अजून अवकाश आहे, हेच तुमच्या पथ्यावर पडतं. आता सुरू केलीत तर सुरुवातीची मळमळ वगैरे जे काही होईल ते घरी होईल, केंद्र जवळ असताना. पहिल्या दिवशी टीबीबद्दल चार प्रश्न विचारतील: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. खरी उत्तरं द्या. टीबी असेल तर त्याचं औषध आधी सुरू होतं आणि एआरटीची वेळ डॉक्टर ठरवतात. नसेल तर तो होऊ नये म्हणूनही वेगळी गोळी देतात. ती नाकारू नका, धुळीत आणि दाटीत राहणाऱ्याला ती फार कामाची आहे. निघताना केंद्रात स्पष्ट सांगा की आम्ही ऊसतोडीला अमक्या तालुक्यात चाललोय. किती महिन्यांच्या गोळ्या सोबत मिळतील ते विचारा आणि तिकडच्या एआरटी केंद्रात तात्पुरत्या गोळ्या घ्यायची नोंद करून घ्या. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, सगळीकडे सरकारी दवाखान्यांत अशी केंद्रं आहेत. उपचाराची पुस्तिका सोबत ठेवा, नाहीतर निदान तिचे फोटो मोबाईलमध्ये.

मुकादमाला सांगायची गरज नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय दवाखाना ही माहिती मालकाला, मुकादमाला किंवा गावाला देऊ शकत नाही आणि या कारणावरून कामावरून काढणंही बेकायदेशीर आहे. कायदा कोपीत उभा राहत नाही, हे मलाही कळतं. पण केंद्रातून बातमी फुटेल या भीतीने गोळी टाळत असाल तर ती भीती बाजूला ठेवा. जडीबुटीने हा आजार मुळापासून काढतो म्हणणारा कुणी भेटलाच तर त्याला पैसे देऊ नका, आणि त्याच्या सांगण्यावरून गोळी तर मुळीच बंद करू नका.

हे वाचणाऱ्यांत अशीही माणसं असतील, जी पूर्वी कधी तपासणीत पॉझिटिव्ह निघाली, ‘पेशी चांगल्या आहेत, नंतर या’ असं ऐकून घरी गेली आणि परत गेलीच नाहीत. तो नियम आता नाही. उद्याच जा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात, अंबाजोगाईला, लातूरला, नांदेडला, जिथे सोयीचं पडेल तिथे. गावातल्या माणसांना दिसू नये म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातलं केंद्र निवडलंत तरी चालतं. मधेच गोळ्या सोडलेल्यांनाही पुन्हा घेतात. चार शब्द ऐकून घ्यावे लागतील कदाचित, तेवढे ऐका. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.

भाऊ, टोळी निघायच्या आधी वहिनींची तपासणी झाली का, ते मला कळवा. रिपोर्ट काहीही आला तरी लिहा, पुढचं आपण त्याप्रमाणे ठरवू.